पाच मिनिटं चालू ठेवलेली गाडी

रोज सकाळी खालच्या पार्किंगमधून एक आवाज येतो. इंजिन दोनदा कण्हतं आणि मग कसंबसं सुरू होतं. पहिल्या मजल्यावरचे काका त्यांची जुनी गाडी चालू करून पाच मिनिटं आत नुसते बसून राहतात, बॅटरी उतरू नये म्हणून. काकू गेल्यापासून ती गाडी गेटबाहेर पडलेली नाही.

तरी बॅटरी उतरतेच. मग काका माझी बेल वाजवतात, "जरा वायर लावता का?" मी माझ्या गाडीची बॅटरी जोडून त्यांची गाडी सुरू करून देतो. आज गाडी सुरू करून दिल्यावर मात्र राहवलं नाही. म्हटलं, "काका, चालू करताना बॅटरी जेवढी खर्च होते, तेवढीही पाच मिनिटांत भरत नाही. लांब चक्कर मारून आणा."

"लांब म्हणजे कुठे?"

शेजारची सीट अजून पार मागे सरकवलेली होती. काकूंचा गुडघा वाकत नसे.

तेवढ्यात काकांच्या परदेशातल्या मुलाचा फोन आला. "हो, बरा आहे. चहा झाला. बरं, झोप तू आता." इतकंच. फोन खिशात ठेवत काका म्हणाले, "रोज करतो हं, न चुकता."

आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

मी वायर गुंडाळली, पण घरी नेली नाही. जिन्याखालीच ठेवली. उद्या लागणारच होती.