पायाला कळणारा उशीर

माझ्या थोरल्या जाऊबाई दवाखान्यात लुळ्या पडलेल्या पायांना पुन्हा चालायला शिकवतात. औषध म्हणाल तर त्यांची इलेक्ट्रिक गिटार. पेशंटसमोर उभं राहायचं, ताल धरायचा आणि उलट्या पावलांनी मागे सरकायचं. तालाबरोबर समोरचं पाऊल उचलतं.

अडचण वायरची. अँप्लिफायर भिंतीतल्या प्लगला, त्यामुळे सहा पावलांवर जाऊबाई थांबत आणि पेशंटही थांबे. गणिताचे एक निवृत्त मास्तर तर सातव्या पावलाला अडूनच बसले. घरी एकटे राहणारे. शनिवारी व्हरांड्याच्या टोकाच्या दारापर्यंत जाऊन परत आले तरच डॉक्टर घरी सोडणार, नाहीतर रवानगी वृद्धांच्या संस्थेत.

"चल गं वाद्यांच्या दुकानात," जाऊबाई म्हणाल्या. "उठता-बसता ज्याचं नाव घेतेस त्या तुझ्या देवालाही घे."

"तो कधीचा तयार होऊन बसलाय!"

दुकानदाराने आधी साबणाच्या वडीएवढा, बिनप्लगचा अँप्लिफायर दिला. डास गुणगुणावा तसा आवाज. मग बिनवायरचा गोल स्पीकर आला. आवाज भरदार, मला तर तोच आवडला. जाऊबाई गिटार अडकवून दुकानातच उलट्या चालू लागल्या.

"तू मास्तर हो."

मी पाय ओढत निघाले आणि तिसऱ्या पावलाला अडखळले.

"हा नको. तार छेडल्यावर आवाज मागाहून येतोय."

"अहो ताई, एवढासा उशीर कोणाच्या कानाला कळतो?"

"कानाला नाही, पायाला कळतो."

"पायाला कान असलेलं गिऱ्हाईक पहिल्यांदाच बघतोय!" दुकानदार हसला, पण माळ्यावरून विटेएवढा, बॅटरीवरचा अँप्लिफायर काढून आणला. खांद्याला पट्टा, गिटारला हातभर वायर. आम्ही दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. मी कुठेच अडखळले नाही.

"बांधा हाच," जाऊबाई म्हणाल्या.

शनिवारी मीही गेले. मास्तरांचं सहावं पाऊल पडलं तसं मी मनातल्या मनात नामस्मरण सुरू केलं. जाऊबाई मात्र मागे सरकतच राहिल्या. मास्तरांचा पाय क्षणभर घुटमळला आणि उचलला.

"सात!" मास्तर स्वतःच ओरडले. मग मोजतच सुटले. एकोणतिसाव्या पावलाला दाराची चौकट हातात आली. डॉक्टर टाळ्या वाजवू लागले.

"थांबा हो!" मास्तर खेकसले. "ताल चुकेल. गणित अर्धंच झालंय."

आणि ते वळले. अठ्ठावन्न म्हणत खाटेशी आले, पण बसले नाहीत.

"बोला डॉक्टर, घरी जायच्या कागदावर सही कुठे करू?"