यादीतून गाळलेली अकरा माणसं

मी एकदा अकरा जिवंत माणसं यादीतून काढून टाकली. चहा पिता पिता, एका हाताने. वय अठ्ठावन्न, म्हणजे अक्कल यायची थोडी बाकी होती. परवा नातीला हे सांगितलं, तर फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली, "आजी, दॅट्स चीटिंग." तिला जे दोन शब्दांत कळलं, ते मला कळायला एक अख्खा शनिवार लागला. तो शनिवार आठवला की आमच्या डॉक्टरबाई आठवतात.

ऑस्ट्रेलियातल्या वेस्टमीडच्या आसपासच्या नऊ लहान क्लिनिकांचा मिळून एक गट होता आणि बाई त्याच्या प्रमुख. मूळच्या नागपूरच्या, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. मी त्यांच्याच क्लिनिकमध्ये रिसेप्शनला. कुणी टक्केवारी सांगायला लागलं की बाई चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, "त्यातल्या एकाचं नाव सांगा." एकदा शहरातून एक सल्लागार आला. रंगीत आलेख दाखवत अर्धा तास बोलला. बाईंनी नाव विचारलं. बिचारा पाणी प्यायला. मी काउंटरमागे फाइलींत तोंड घालून हसले. आपलीही पाळी येणार आहे, हे हसणाऱ्याला कुठे माहीत असतं?

तेव्हा सगळीकडे ताण होता. आजवर डॉक्टर जितके पेशंट तपासेल तितके पैसे, असा साधा मामला. नव्या करारात पेशंट किती बरे राहतात, त्यावर काही पैसे ठरणार होते. डायबेटिसवाल्यांची साखर आटोक्यात आहे का, त्यांच्यावर हॉस्पिटल गाठायची वेळ येते का, हे बघितलं जाणार. निम्मे डॉक्टर वैतागले. चाळीस वर्षं प्रॅक्टिस केलेले एक ऑस्ट्रेलियन डॉक्टर बाईंना म्हणाले, पेशंटने घरी जाऊन केक खाल्ला तर मार्क माझे कापणार का? बाई शांतपणे म्हणाल्या, दुसऱ्या दिवशी फोन करून विचारा, केक कसा होता.

हे फोन करायचं काम माझ्याकडे आलं. जे डायबेटिसवाले तपासणीला येत नाहीत, त्यांना दर मंगळवारी फोन. बेकरीवाला लेबनीज म्हातारा जॉर्ज दर वेळी म्हणायचा, "नेक्स्ट वीक, डार्लिंग," आणि यायचा नाही. त्याच्यासारखे आणखी दहा. त्यांच्यामुळे आमच्या क्लिनिकचा निकाल वाईट दिसत होता. आणि दीड महिन्यावरच्या शनिवारी नवी पद्धत ठेवायची की सोडायची, यावर नऊ क्लिनिकांचं मतदान होतं. बाईंनी दोन वर्षं त्यासाठी रक्त आटवलं होतं. प्रमुखांचंच क्लिनिक मागे दिसलं तर गट फुटणार, हे मलाही कळत होतं.

मग मी काय केलं? पाहुणे यायच्या आधी आपण पसारा कपाटात कोंबतो, तेच केलं. त्या अकरा जणांच्या नावांपुढे 'आता दुसऱ्या डॉक्टरकडे' असं टाइप केलं. यादीवरून नाव गेलं, मंगळवारचा फोनही गेला. आमचा आकडा असा काही लखलखला की मी स्वतःला मनातल्या मनात बढती देऊन टाकली. बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून न वाचता यादीवर सही केली.

शुक्रवारी दुपारी हॉस्पिटलचं पत्र आलं. जॉर्जच्या पायाची जखम चिघळली होती. त्याला दाखल केलं होतं, दोन बोटं काढावी लागणार होती. दीड महिना त्याला आमचा फोन गेला नव्हता. मी पत्र डब्याच्या पिशवीत घातलं आणि घरी नेलं. एवढी शूर होते मी.

शनिवारी हॉलच्या दारात बाई शेवटची तयारी करत होत्या. मतदानाला दहा मिनिटं. पिशवीतून काढून मी पत्र त्यांच्या हातात दिलं आणि काय केलं तेही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "आणखी कोण कोण?" मी दहाही नावं घडाघडा म्हटली. त्यांनी ती पाकिटामागे लिहून घेतली आणि आत गेल्या.

मी मागच्या रांगेत बसले. आमचा आकडा पडद्यावर आला आणि केकवाल्या त्याच म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, हे कसं जमवलंत?

"जमलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आमची यादी खोटी आहे. अकरा माणसं गाळली गेली. त्यातला एक आज हॉस्पिटलमध्ये आहे."

"हे केलं कुणी?"

"सही माझी आहे."

मला उठून उभं राहायचं होतं. राहिले नाही. म्हाताऱ्या डॉक्टरांनी समोरचा कागद पालथा ठेवला. मग म्हणाले, मत देण्याआधी मला आमचीही यादी एकदा बघावी लागेल. आणखी दोघांनी माना खाली घातल्या. मला हसू आलं नाही, हे मुद्दाम सांगते.

शेवटी दोन क्लिनिकं बाहेर पडली, सात राहिली. नवी पद्धत टिकली. पण बाईंनी प्रमुखपद सोडावं, ही त्या सातांची अट होती. ती त्यांनी जागच्या जागी मान्य केली. पद त्याच म्हाताऱ्यांकडे गेलं आणि ते बाईंपेक्षाही कडक निघाले. वर्षभराने बाई दूर, वॉलॉंगॉंग गावाकडच्या एका छोट्या क्लिनिकमध्ये गेल्या. त्यांच्या खोलीत आता एक तरुण डॉक्टर बसतो. चांगला आहे. नावं विचारत नाही.

त्या शनिवारी मीटिंग संपल्यावर मी कार पार्किंगमध्ये त्यांना गाठलं. रडत रडत म्हटलं, राजीनामा देते, सगळ्यांना सांगते मी केलं म्हणून. त्यांनी गाडीचं दार उघडलं, पुढच्या सीटवरच्या फाइली मागे टाकून मला जागा केली आणि म्हणाल्या,

"ताई, राजीनामा सोमवारी लिहा. आज हॉस्पिटलात भेटायची वेळ पाचला संपते. फोन का आला नाही, ते जॉर्जला तुम्ही सांगायचं. मी बाहेर बाकावर बसते, कितीही वेळ लागू दे. पण आत तुम्ही एकट्याच जा."