शेपटीवरचा पिवळा डाग

परवा दवाखान्यात फॉर्मालिनचा वास आला आणि एकोणसत्तर सालची पार्ल्याच्या कॉलेजातली प्रयोगशाळा आठवली, जिथे मी प्राध्यापकांच्या हाताखाली नवा लागलो होतो. वर्सोव्याची एक कोळीण आमच्यासाठी वेगळे मासे राखून ठेवायची. दिवाळीच्या सुट्टीआधी तिने टोपलीतून दोन चपट्या डोक्याचे मासे काढले, समुद्राच्या तळाशी वाळूत दबून राहणारे. म्हणाली, "मास्तर, हे दोन जातीचे हायत. शेपट्या बघून घे, मग बुडव तुझ्या बाटलीत." मी दोन्ही फॉर्मालिनच्या एकाच बाटलीत टाकले. सुट्टीनंतर ओळख पटवायला बसलो, तर फॉर्मालिनने रंग उडून दोन्ही सारखेच फिकट पडलेले. डोक्यावरचे काटे मोजले, खवले मोजले, पुन्हा मोजले. दर वेळी आकडा वेगळा. पुस्तक मात्र एकच विचारत होते, शेपटीवर पिवळा डाग आहे की नाही? तीन दिवस डोके पिकले. प्राध्यापक चिडून म्हणाले, "रंग टिपून ठेवले नाहीस?" माझी नोकरी कच्ची होती. मी म्हणालो, "सर, बाईने शिळे मासे दिले, रंग आधीच उडाले होते." पुढच्या खेपेला त्यांनी तिला दारातूनच परत पाठवले. "शिळं? माझं म्हावरं?" मला ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली. मी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला नाही. आता सत्तरी ओलांडून कधीच झाली, तेव्हा खरे ते लिहून ठेवतो. मासे ताजे होते, कल्ले लालभडक होते. शेपटी बोटांनी पसरून तिने माझ्यासमोर धरली होती. कोळणीकडून काय शिकायचे, म्हणून मीच पाहिले नाही.