जेवणाच्या टेबलावरचं हॉस्पिटल

माझी धाकटी जाऊ जेवणाच्या टेबलाच्या एका कोपऱ्यावर हॉस्पिटल उभं करत होती, तेव्हा आम्ही बाकीचे उरलेल्या जागेत कोपर कोपराला लावून जेवत होतो. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पेशंट ताटात सांडू देऊ नकोस म्हणजे झालं."

धाकटी डोळ्यांच्या हॉस्पिटलात कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे जिन्याखालची एक थंडगार खोली, त्यात तिचे साहेब आणि ती. मुलगा हाताशी येईपर्यंत ती घरीच होती. मग केस रंगवायच्या वयात शिकायला बसली, परीक्षा दिल्या आणि नोकरीला लागली. पण तिथे तिच्या वाट्याला आले ते विसरलेले पासवर्ड आणि अडकलेले कागद. हॉस्पिटलभर तिला 'प्रिंटरवाल्या मॅडम' म्हणत. हाक आली की ती जायची, कागद ओढून काढायची आणि परत यायची. घरी येऊन कधी कुरकुरली नाही, पण आमच्या घरातला प्रिंटर तिने माळ्यावर टाकला होता.

हॉस्पिटलचा मुख्य कॉम्प्युटर, ज्याला ते सर्व्हर म्हणतात, म्हातारा झाला होता. पेशंटची माहिती, तपासणीच्या वेळा, सगळं त्याच्यावर. त्याच्या जागी नवा बसवायचा होता, रविवारी, दवाखाना बंद असताना. साहेब बाहेरच्या एजन्सीला फोन लावायला निघाले तेव्हा धाकटी म्हणाली, "मी करते."

"तुम्ही? कुठे करून बघितलंय?"

"घरी बघते करून."

"घरी दोन सर्व्हर आहेत तुमच्या?"

"एकच कॉम्प्युटर आहे. त्यातच बसवते सगळे."

साहेब माणूस सरळ. हसले नाहीत. म्हणाले, "शुक्रवारी मला चालू दाखवा. दाखवलंत तर रविवारचं काम तुमच्या हाती. नाहीतर एजन्सी येईल, आणि मग पुढेही तीच येत राहील."

म्हणजे धाकटी कायमची प्रिंटरपाशी. हे साहेबांनी बोलून दाखवलं नाही, पण तिने घरी येऊन आम्हाला सांगितलं, तेही ताटं मांडता मांडता.

कॉम्प्युटर तिच्या मुलाचा. खेळ खेळण्यासाठी हट्टाने घेतलेला, निळे लाल दिवे लुकलुकणारा. मुलगा शिकायला परगावी गेला आणि ते धूड टेबलाच्या कडेला टेबलक्लॉथ पांघरून बसलं होतं. धाकटीने क्लॉथ काढला, पाठ उघडली, पेंटिंग ब्रशने धूळ झाडली. सासूबाईंनी टॉर्च धरला आणि तिने मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या खाचेत दाबून बसवल्या. कट्ट असा आवाज झाला तसा सासूबाईंनी डोळे मिटले. "मोडलं?"

"बसलं, आई."

पहिल्या दिवशी काहीच सुरू होईना. प्रोग्राम म्हणे, एका मशीनच्या आत दुसरी मशीनं चालवायची सोयच इथे बंद आहे. भावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "खेळाचं मशीन आहे ते. खेळच खेळणार." धाकटी कामाला लागली. मशीन बंद करून चालू केलं, चालू होताहोताच एक बटण दाबून त्याच्या पोटातल्या सेटिंगमध्ये शिरली, बंद असलेली सोय चालू केली आणि बाहेर आली. दुसऱ्या वेळी प्रोग्राम निमूट उघडला.

मग एकाच्या आत एक मशीनं उभी राहायला लागली. पडद्यावर चार खिडक्या. एकीत जुना सर्व्हर, एकीत नवा, उरलेल्या दोन म्हणजे नोंदणीची खिडकी आणि डॉक्टरांची खोली. प्रत्येकीला थोडी मेमरी, थोडी जागा वाटून दिलेली.

सासूबाईंनी चष्मा वर सरकवून पाहिलं. "म्हणजे एकाच घरात चार बिऱ्हाडं."

"तेच. आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे की अख्खं घर आपलंच आहे."

"ते नाही जमायचं. मी इतकी वर्षं बघतेय ना."

मी आणि धाकटी एकदमच हसलो.

खऱ्या पेशंटची माहिती घरी आणायची नाही, हे धाकटीचं पक्कं. म्हणून खोटे पेशंट भरायचे होते. हे काम सासूबाईंनी अंगावर घेतलं. त्या खुर्चीत बसून सांगत, धाकटी टाइप करी. त्यांनी आपल्या नणंदेला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिला. लग्नात मानपानावरून रुसलेल्या एका व्याह्याला तिरळेपणा दिला. स्वतःला मात्र ठेवलं ठणठणीत, "फक्त वाचायचा चष्मा, लिही." दोनतीन संध्याकाळींत अर्ध्या नातेवाइकांचे डोळे गेले.

गुरुवारी संध्याकाळपर्यंत सगळं सुरळीत झालं होतं. जुन्या सर्व्हरवरची नणंद मोतीबिंदूसकट नव्या सर्व्हरवर आली. धाकटी खुशीत होती. वाटाणे सोलताना गुणगुणत होती, हे मी ऐकलं.

तेवढ्यात घरातलं इंटरनेट गेलं.

सासूबाईंनी मालिका लावायला टीव्ही सुरू केला होता, त्यावर नुसतंच चक्र गोल गोल फिरत राहिलं. आतल्या खोलीत भावजींनी परदेशातल्या वरिष्ठांशी बोलायला लॅपटॉप उघडला होता. ते वर बटणं लावलेला शर्ट आणि खाली घरची विजार, असे तरातरा बाहेर आले. "नेट कुणी बंद केलं?"

"कंपनीचंच गेलं असेल," धाकटी म्हणाली.

भावजींनी कंपनीला फोन लावला. तिथे गाणं वाजत राहिलं. मी आपली पलंगावर बसून मोबाइलवर, घरच्याच नेटवर, भाचीच्या मुलाचा व्हिडिओ बघत होते. त्यातलं बाळ खिदळलं आणि सगळे माझ्याकडे वळले.

"वहिनी, तुमचं कसं चालतंय?"

"मला काय ठाऊक? दुपारपासून चालतंय."

धाकटीच्या हातातली शेंग तशीच राहिली. "ताईंचं चालतंय म्हणजे तार शाबूत आहे. जे आधीपासून जोडलेले ते चालू, आणि जे आत्ता जोडायला गेले ते बाहेर." तिने भावजींच्या लॅपटॉपवर काहीतरी उघडून बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुमचा लॅपटॉप स्वतःला हॉस्पिटलातला समजतोय!"

झालं होतं ते असं. नेटवर्कवर नवं कुणी आलं की त्याला एक पत्ता द्यावा लागतो. घरात ते काम भिंतीवरचा वायफायचा डबा करतो, हॉस्पिटलात सर्व्हर करतो. धाकटीचं हॉस्पिटल आतल्या आत बंद होतं. पण कामावरून आल्यावर नव्या सर्व्हरवर काही उतरवून घ्यायला तिने त्याचं दार घराच्या नेटवर्ककडे उघडलं, आणि लावायला विसरली. आता घरात कुणीही पत्ता मागितला की भिंतीवरच्या डब्याच्या आधी टेबलावरचा सर्व्हर उठून उत्तर देत होता. टीव्ही आणि लॅपटॉप दोघेही पेशंटांसारखे हॉस्पिटलात भरती झाले होते, आणि हॉस्पिटलातून बाहेर जायला रस्ता नव्हता.

तिने दार लावलं. टीव्ही लागला. भावजींचं बोलणं मात्र हुकलं ते हुकलंच.

"बास झालं," ते म्हणाले. "उद्या साहेब येणार आणि तू त्यांना हे दाखवणार? घराचं नेट सांभाळता येत नाही आणि हॉस्पिटल सांभाळायला निघालीस."

मला वाटलं आता ही रडेल किंवा भांडेल. ती तिसरंच करत होती. टेबलाशी उभी राहून बोटाने हवेत काहीतरी जोडत होती, तोडत होती.

"अहो, साहेबांचा बेत काय आहे माहितीये? नवा लावायचा आणि जुनाही आठवडाभर शेजारी चालू ठेवायचा. काही राहिलं तर हाताशी असावा म्हणून."

"मग? शहाणपणाचंच आहे."

"शहाणपणाचंच. मलाही तसंच वाटत होतं. पण दोघेही पत्ते वाटत बसले तर सोमवारी सकाळी अर्धं हॉस्पिटल तुमच्या लॅपटॉपसारखं होईल. बाहेर पेशंटांची रांग आणि आत सगळं गोल गोल फिरतंय."

भावजींनी एकदा आपल्या लॅपटॉपकडे पाहिलं. मग आवाज जरा उतरवून म्हणाले, "पण आजचं उद्या काढू नकोस. उगाच हसं होईल."

"तेच तर दाखवायचंय," ती म्हणाली आणि राहिलेले वाटाणे सोलायला बसली.

शुक्रवारी साहेब कामावरून परस्पर आले. धाकटीने त्यांना टेबलाशी बसवलं, चहा दिला. आधी सगळं नीट चाललेलं दाखवलं. साहेब मान डोलवत होते. "बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दिसतोय," ते पडद्याकडे बघत म्हणाले.

"तिच्या कर्माने," सासूबाई आतून म्हणाल्या.

मग धाकटी म्हणाली, "आता आपल्या बेताप्रमाणे करते. दोन्ही चालू." घराच्या नेटवर्ककडच्या दाराला कडी होती, या वेळी तिने ते दोनदा पाहिलं. तिने दोन्ही सर्व्हर सुरू ठेवले आणि नोंदणीची खिडकी नव्याने उघडली. खिडकी नव्या सर्व्हरकडून पत्ता घेऊन आली आणि जुन्यावरचं काहीच तिला दिसेना. डॉक्टरांची खोली उघडली, ती जुन्याकडे गेली. दोघींची तोंडं दोन दिशांना.

"हे तुम्हाला कसं सुचलं?" साहेबांनी विचारलं.

"सुचलं नाही. काल झालं. घराचं नेट पाडलं मी." आणि तिने भावजींच्या विजारीसकट सगळं सांगितलं. भावजी खिडकीतून बाहेर बघत राहिले.

साहेबांनी कप खाली ठेवला. "पुन्हा एकदा करा."

तिने पुन्हा केलं. मग उपाय करून दाखवला. आधी जुन्याचं पत्ते वाटणं बंद, मग नव्याचं चालू, आणि जुना शेजारी नुसता बसून. खिडकी आणि खोली एकमेकींना लगेच सापडल्या.

"रविवारी मी येतो," साहेब उठत म्हणाले. "पण क्रम तुम्ही सांगायचा. मी वायरी धरीन."

सोमवारी सासूबाईंनी हट्ट धरला की मला डोळे दाखवायचे आहेत. मी त्यांना घेऊन गेले. रांग नेहमीची, पंखे नेहमीचे, नोंदणीवरची मुलगी नेहमीसारखी वर न बघता टाइप करत होती. तिने सासूबाईंची माहिती विचारली, बटण दाबलं आणि चिठ्ठी हातात दिली. सासूबाई चिठ्ठी घेऊन तिथेच उभ्या.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच, आजी. पुढे चला."

"काही अडलं नाही ना सकाळपासून?"

"काही नाही. का?"

सासूबाईंनी रांगेकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या जेवणाच्या टेबलावर झालंय हे."

रांगेतल्यांना काही कळलं नाही. इतक्यात कॉरिडॉरमधून कुणीतरी ओरडलं, "प्रिंटरवाल्या मॅडम कुठेत?" जिन्याखालचं दार किलकिलं झालं आणि साहेबांचा आवाज आला, "मॅडम सर्व्हरवर आहेत. थांबा, मी येतो."

आणि साहेब बाह्या सरसावत कागद काढायला निघाले.