राजाची अडीच घरं

माघातल्या कोवळ्या उन्हाला जबलपुरात ओल्या मटाराचा हिरवा, गोडसर गंध असतो. कांचघर भागातल्या आमच्या घराच्या गच्चीवर आई शेंगा सोलत होती आणि शेजारी ओढणीची सावली स्क्रीनवर धरून मी, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी चाळिशीची बाई, बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम लिहायला बसले होते. चौसष्ट घरांना चौसष्ट जागा, रिकाम्या घरात शून्य, मग एकेका मोहऱ्याला त्याची चाल शिकवायची. आणि ज्या क्षणी घोडा माझ्या बोटांवाचून, आपल्या मर्जीने उडाला, त्या क्षणी मी अशी किंचाळले की आईच्या ताटातले निम्मे दाणे गच्चीभर झाले. काय आनंद होता तो!

हा सारा खटाटोप बाबांसाठी. फॅक्टरीतून निवृत्त झाल्यापासून शेजारच्या तिवारीजींबरोबर त्यांचा रोज सकाळी डाव रंगायचा. तिवारीजी मुलाकडे इंदूरला कायमचे गेले, बाबांनी पट फडक्यात बांधून कपाटावर टाकला आणि हळूहळू बोलणंही आवरतं घेतलं. माझ्याशी ते खेळत नसत, कारण हरले की मी रुसते, हे जगजाहीर! त्यांना पुन्हा कुणीतरी समोर मिळावं, या एकाच ध्यासाने मी झपाटले होते.

रविवारी त्यांना गच्चीवर मोठ्या थाटात लॅपटॉपसमोर बसवलं. सहाव्या चालीला त्यांनी राजा घोड्यासारखा उडवला आणि स्क्रीनवर उमटलं: ही चाल चुकीची आहे.

“काहून चुकीची? राजाला एकदा अडीच घरं असतात ना!”

“बाबा, आंतरराष्ट्रीय नियमांत तसं...”

“अच्छा. मग तिकडेच खेळू दे त्याला,” म्हणत ते जिना उतरून गेले.

मी कपाळावर हात मारला. शह बसेपर्यंत राजाला एक उडी माफ, प्यादं पहिल्यांदाही एकच घर. याच नियमांनी अख्खी फॅक्टरी कॉलनी खेळायची, सातव्या वर्षी बाबांनी मला हेच शिकवलं होतं, आणि मी शहाणी पुस्तक उघडून बसले! आठवडाभर कॉलेजातून आल्या आल्या मी राजाला उडायला शिकवत होते, आणि त्यातही अशी मजा येत होती की चहा निवून जायचा.

पुढच्या रविवारी बाबा बऱ्याच मिनतवारीने बसले. राजा उडाला, स्क्रीन गप्प राहिली, बाबांची पाठ ताठ झाली. माझा प्रोग्राम अजून अगदीच बावळट. विसाव्या चालीला त्याने आपला वजीर थेट बाबांच्या हत्तीपुढे नेऊन ठेवला. बाबांनी तो मारला नाही.

“भैया, वजीर जा रहा है आपका,” ते स्क्रीनकडे वाकून म्हणाले, “चाल वापस ले लो.”

चाल परत घेणं मी लिहिलंच नव्हतं. समोरच्याने एवढ्यात हरून उठून जाऊ नये, असंही कुणाला वाटतं, हे माझ्या गणितात कुठेच नव्हतं.

“बाबा, त्याला अजून येत नाही ते. वेळ लागेल थोडा.”

“लागू दे ना,” बाबा म्हणाले आणि खुर्ची आणखी पुढे ओढून बसले.