ते नाहीत

शेजारच्या खोलीतल्या अक्कांनी मला तेव्हा सांभाळलं, हे आधी लिहिते. काय झालं ते मग. अक्का तेलुगू विणकराच्या घरातल्या, विधवा. मी जळगावकडची, सहावीत शाळा सुटलेली. माझ्या मालकांचं गिरणीतलं काम गेलं आणि ते भिवंडीला मागावर गेले, तेव्हा सोलापुरात माझं म्हणावं असं दुसरं कुणी नव्हतं. बिड्या वळायलाही अक्कांनीच शिकवलं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आधीची निवडणूक. प्रचाराचा एक कार्यकर्ता बिडी कारखान्यात आला. वर्तमानपत्राला पाठवायची पत्रं त्याच्याकडे तयारच होती, वेगवेगळ्या माणसांना शोभतील अशी. आपण फक्त आपल्या अक्षरात उतरवायची आणि खाली सही करायची.

"ताई, घरी कोण कोण?"

"मी एकटीच. ते नाहीत."

त्यानं मान खाली घातली आणि गठ्ठ्यातला दुसराच कागद काढून दिला.

मी घोटून घोटून लिहिलं : 'माझ्या पतीच्या पश्चात मी कष्टाने संसार चालवीत आहे. आमच्यासारख्या भगिनींची कदर असलेला उमेदवार हाच.' पश्चात म्हणजे माघारी, असं मला वाटलं. खोटं काय होतं त्यात? उलट वाटलं, या लोकांना माझं किती बरोबर कळलं!

पत्र छापून आलं आणि सगळे माझ्याशी चांगलं वागायला लागले. कारखान्यातला तपासणारा रोज माझ्या मूठभर बिड्या खराब म्हणून बाजूला टाकायचा. त्यानं न बघताच सगळ्या घेतल्या. नळावर बायकांनी मला पुढं जाऊ दिलं. कासार गल्लीत दारोदार थांबला, माझ्या दारावरून मात्र खाली बघत निघून गेला. कुणी काही विचारत नव्हतं. मी बोलायला लागले की समोरचीचे डोळे माझ्या कपाळावर जायचे आणि तिथंच राहायचे.

मग पलीकडच्या म्हातारीनं उंबऱ्यावर पिठलं-भात आणून ठेवला.

"खा गं बाई. चूल पेटवू नगंस."

"का हो, काय झालं?"

"पेपरात आलंय की. तूच लिवलंयस न्हवं?"

तेव्हा शब्दाचा अर्थ कळला. खरं तर हसू यायला हवं होतं. पण भिवंडीहून कितीतरी दिवस पत्र आलेलं नव्हतं. अक्षर माझं, सही माझी. वाटायला लागलं, मला कळायच्या आधी माझ्या हाताला कळलं की काय?

सकाळी कुंकू लावायला बोट उचलेना. अक्कांनी करंडा माझ्या हातातून घेतला. म्हातारी दारातून ओरडली, "अक्का, तुमी नगा लावू! तुमच्या हातानं लावत्यात व्हय?"

"अय्यो! पेपरानं मेला न्हाय तो, माझ्या बोटानं मरतो की काय?" म्हणत अक्कांनी चांगलं ठसठशीत लावलं. मग ते बोट त्यांनी कितीतरी वेळ पदराला पुसलं.

अक्कांचा भाचा भिवंडीलाच होता. कुणी तिकडं जाणारं गाठून त्यांनी निरोप धाडला, 'हिचा माणूस शोध आणि घेऊनच ये.' तो येईपर्यंत त्या माझ्या खोलीत झोपल्या. मी जेवत नाही म्हणून त्याही जेवेनात, मग मला जेवावंच लागायचं.

एका भर दुपारी गल्लीतली बोलणी एकदम थांबली. नळावरच्या बायका भिंतीला सरकल्या होत्या. मधून अक्कांच्या भाच्यामागं माझे मालक येत होते, वाळलेले, दाढी वाढलेली. कुणी ओळख दिली नाही. म्हातारी वाकून त्यांची पावलं बघत होती, सरळ आहेत की उलटी.

"तापानं पडलो होतो," ते म्हणाले. "हा भाचा यायच्या आधीच सोलापूरचा एक जण तिथं भेटला. मला बघून भिंतीला टेकला. म्हणाला, तू तर गेलास ना? म्हटलं, कुणी सांगितलं? तर म्हणे, तुझ्या बायकोनंच."

दुरुस्ती छापा म्हणून मी कार्यकर्त्याला गाठलं. "आता मतदान झालं की ताई," तो म्हणाला. ती दुरुस्ती कधी आलीच नाही. पुढं कितीतरी दिवस माणसं मालकांशी बोलताना आधी मला विचारायची, "हे तेच ना?"

अक्का आता बहिणीकडं तेलंगणात असतात. दिसत नाही म्हणे. आमचं स्वतःचं घर झालंय, त्यातली पुढची उजेडाची खोली मी कुणाला दिलेली नाही. मी स्वतः जाऊन अक्कांना घेऊन येणार आहे. नको म्हणाल्या, तर त्या हो म्हणेपर्यंत तिथंच जेवायचं सोडून बसणार आहे.