घड्याळाच्या पट्ट्याएवढी जागा

लॅपटॉपच्या कीबोर्डला कापड लावायची अक्कल ज्याला सुचली, त्याला एकदा आठवडाभर आमच्या तारापूरच्या कारखान्यात आणून बसवायला हवं होतं. आमच्याकडे कापडाचे रंग बनतात. पावडर असते, पिठाहून बारीक. ती प्लांटमध्ये उडते, तिथून माणसांच्या कपड्यांवर, वह्यांवर, दाराच्या कड्यांवर येऊन बसते. कोरडी आहे तोवर दिसत नाही, हीच तिची खोड. पाण्याचा एक थेंब पडू दे, लगेच निळा डोळा उघडतो.

म्हणून प्लांटमधली माणसं हात धुण्याआधी हात झटकतात. आधी कोरडं फडकं, मग नखांना ब्रश, आणि मग कुठे नळ. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी त्याला कामाआधी हे शिकवतात. आम्ही ऑफिसातले लोक त्यांना हसायचो. काचेच्या दाराच्या अलीकडे एसीत बसणाऱ्यांचा रंगाशी काय संबंध, असं आम्हाला वाटायचं. मला तर फारच वाटायचं.

मी ऑफिसची प्रमुख. माहेर शिरगावचं, नारळी-सुपारीची वाडी असलेलं, राहायला पालघरला. स्वच्छतेचं मला वेड आहे आणि तोंड माझं पहिल्यापासून फाटकं. लोक मागून काय म्हणायचे ते मला माहीत होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानच होता. मॅडम आल्या, असं कुणी कुजबुजलं की खुर्च्या सरळ व्हायच्या. मला ते आवडायचं.

तो लॅपटॉप शेठच्या मुलानं परदेशातून आणला होता. त्याला त्याचा कंटाळा आला तेव्हा शेठनी तो मला दिला, सगळ्यांच्या समोर, इतक्या वर्षांच्या कामाची कदर म्हणून. बटणांच्या भोवती आणि हात टेकायच्या जागी प्लास्टिक नव्हतं, राखाडी कापड होतं. मांजराच्या कानामागे असते तशी लव. मुलगा म्हणाला, याला वरून लेप असतो, घाम आत जात नाही, वर्षानुवर्षं असंच राहतं. मी डोळे झाकून विश्वास ठेवला. ऑफिसातला जो तो येऊन बोट फिरवून बघायचा. दुसऱ्याच दिवशी मी जाहीर केलं, माझ्या टेबलापाशी येणाऱ्यानं हात खिशात ठेवायचे.

रोज सकाळी मी ते कापड ओल्या वाइपनं पुसायची. दिवसातून दहा वेळा हाताला सॅनिटायझर चोळायची. प्लांटमधून आलेल्या बॅचच्या कागदांवर सह्या करायच्या, की चोळा सॅनिटायझर, की ठेवा हात कीबोर्डवर. माझ्याहून स्वच्छ बाई अख्ख्या बोईसरमध्ये सापडली नसती.

आता तिच्याबद्दल. ती आमच्या लॅबमध्ये होती. रंगाची छटा जुळते का ते बघायचं काम. विक्रमगडच्या बाजूच्या डोंगरातली, चाळिशीची, बारीक अंगाची. गावाकडे पावसावर पिकणारा भाताचा तुकडा. शिकली बारावीपर्यंत, पण नजर अशी की दोन निळ्यांतला फरक मशीनच्या आधी सांगायची. आठ वर्षं ती ठेकेदाराच्या माणसांत मोडत होती. दर पावसाळ्यात भातलावणीला गावी गेली की तिचं नाव कमी व्हायचं, परत आली की पुन्हा पहिल्यापासून भरती. कायम झाली असती तर लावणीला हक्काची रजा मिळाली असती, एवढंच तिला हवं होतं. त्या वर्षी शेठ पहिल्यांदा कबूल झाले. म्हणाले, लॅबचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर भरायला जमतंय का बघा, जमलं तर कायम करून टाकू. शेरा मी लिहायचा होता.

लॅबमधला कीबोर्ड पावडर शिरून मेला होता, तिसरा. नवा येईपर्यंत जेवणानंतरचे दोन तास तिनं माझ्या लॅपटॉपवर काम करायचं, असं शेठनीच ठरवलं. मला विचारलंसुद्धा नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण शेठना काय बोलणार? तिला बोलले. हात धुऊन ये म्हटलं. ती म्हणाली, धुतले हायत. मी म्हटलं, परत धू. मग मी माझा रुमाल अंथरायची आणि त्यावर मनगटं ठेवून तिनं टाइप करायचं. रुमाल घरी नेऊन वेगळा धुवायची. हे मी तिला दिसेल असं करायची.

तिनं कधी तोंड वर केलं नाही. एकाच बोटानं सुरुवात केली आणि महिन्याभरात दोन्ही हातांनी भराभर लिहायला लागली. रिपोर्टात चूक नसायची. त्याचाही मला राग यायचा. का, ते विचारू नका. मलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

एकदाच ती आपणहून बोलली. सकाळी कसलासा कागद द्यायला आली होती आणि मी ओल्या वाइपनं कापड घासत होते. हळूच म्हणाली, "मॅडम, पाणी नका लावू त्याला. रंग सुका हाय तवर निघतो. वला झाला का आत बसतो." मला शिकवते ही! मी तिला म्हटलं, रंग तुमच्या लॅबमध्ये, इथं नाही. ती गेली.

पुढच्याच आठवड्यात डाग दिसला. हात टेकायच्या जागी, दोन्ही बाजूंना, निळसर. आधी वाटलं सावली आहे. पुसलं तर वाढला. आणखी पुसलं तर आणखी. लॅपटॉप बघणाऱ्या माणसाला फोन केला तर तो म्हणाला, मॅडम, हे कापड बदलता येत नाही, वरचा अख्खा भागच बदलावा लागतो, आणि तो इथं मिळत नाही.

जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. सगळे जागेवर होते. ती नेहमीसारखी आली, हात ओले, पदराला पुसत. मी तिला टेबलाजवळ येऊ दिलं नाही. मध्येच थांबवलं आणि म्हटलं, हात पुढे कर. तिला कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तिनं दोन्ही हात पुढे केले, शाळेत छडी खायला करतात तसे. तळवे स्वच्छ होते, हे मी तेव्हाही पाहिलं. म्हणून मी म्हटलं, उलटे कर. तिच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. आठ वर्षं रंगात काम करणाऱ्याच्या नखांतून तो कधीच जात नाही, हे कारखान्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

"तुमच्याकडे डोंगरात हात धुवायची पद्धत तरी आहे का?" मी म्हटलं.

अकाउंटवाल्यानं मान खाली घातली, रिसेप्शनवरची मुलगी फोन नसताना फोन कानाला लावून बसली. ती म्हणाली, हे नखांचं जुनं हाय, तो डाग माझा नाय. मी म्हटलं, मग काय माझा? आणि मी हसले. मी हसले म्हणून आणखी दोघं हसले. हात खाली घे, असं मी सांगितलं नाही, त्यामुळे ती तशीच उभी राहिली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. शेवटी स्टोअरचे काका म्हणाले, जा बाई लॅबमध्ये, नि मग ती गेली.

त्याच दुपारी मी तिच्या फायलीवर शेरा लिहिला. अस्वच्छ. कार्यालयीन कामास अयोग्य. कायम करू नये. खाली सही, माझी झोकदार सही. फाईल पुढच्या शनिवारी शेठकडे जायची होती, म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवली. सही करून मी हाताला सॅनिटायझर लावलं.

रविवारी मी शिरगावला आईकडे गेले. लॅपटॉप बरोबर होता, महिनाअखेरचं काम उरलं होतं. ओटीवर चटई टाकून बसले. ऑफिसात ट्यूबलाइट असतात, इथं उघडं सकाळचं ऊन थेट कापडावर पडलेलं. डाग नीट पाहिला तो तेव्हा. उजवीकडचा सलग होता. डावीकडच्या डागाच्या मधोमध एक आडवी पट्टी कोरी होती, बोटभर रुंद, सरळ कापल्यासारखी. मी त्यावर हात ठेवला. माझ्या घड्याळाचा स्टीलचा पट्टा त्या कोऱ्या जागेवर नेमका बसला.

उचलला, पुन्हा ठेवला. पुन्हा तिथंच. ती घड्याळ वापरत नव्हती, तिच्या हातात दोन काचेच्या बांगड्या असायच्या. आणि तिच्या मनगटाखाली तर माझाच रुमाल असायचा! प्लांटमधून आलेल्या कागदांची पावडर माझ्या हाताला, त्यावर माझंच सॅनिटायझर, वर रोज सकाळी माझंच ओलं पुसणं. सगळं डोळ्यांसमोर लख्ख उभं राहिलं. मी आत जाऊन भाचीच्या बाटलीतल्या रिमूव्हरनं माझं मरून नेलपॉलिश काढलं. नखांच्या कडा निळ्या होत्या.

आईनं विचारलं, काय झालं, तोंड का उतरलं? काही नाही म्हटलं. भाचीकडे पॉलिशची बाटली मागितली आणि दोन थर चढवले.

फाईल अजून ड्रॉवरमध्येच होती. शेरा खोडायला एक रेघ पुरे होती. कारण विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं, तेही त्याच माणसांसमोर, ज्यांना मी हसवलं होतं. सोमवारभर मी ड्रॉवर उघडला नि लावला. मंगळवारी मला शेठनी सांगितलं की शनिवारी काही पाहुणे येणार आहेत, तुमचा लॅपटॉप लावून त्यांना सगळं दाखवायचं आहे. डाग घालवू शकेल असं कारखान्यात एकच माणूस होतं.

मी तिला बोलावलं. माफी मागितली नाही. साफ करता येईल का, एवढंच विचारलं. ती कापडावर वाकली आणि म्हणाली, बघते. लॅपटॉप लॅबमध्ये घेऊन गेली. काचेतून मला दिसत होतं. आधी तिनं मऊ ब्रशनं कोरडं झाडलं, कितीतरी वेळ. मग कापसाचा बोळा कसल्याशा द्रवात नुसता बुडवून पिळून, टेकवायचा आणि उचलायचा, घासायचं नाही. प्रत्येक वेळी नवा बोळा. तीन दिवस आपल्या जेवणाच्या सुट्टीत ती हेच करत होती. मी तिच्या माथ्याकडे बघत बसायची आणि मनात म्हणायची, आज सांगते. आज नाही तर उद्या.

शुक्रवारी तिनं लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. कापड पहिल्या दिवसासारखं. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, बरं झालंय. ती जायला वळली, मग थांबली. तिची नजर माझ्या डाव्या मनगटावर होती.

"पट्ट्याच्या जागंचं मी कुणाला नाय बोलले, मॅडम," ती म्हणाली. "तीबी सारखी केली. आता कुणाला दिसाचं नाय."

ती दाराशी पोचेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. काचेच्या दारापासून माझं टेबल काही लांब नाही. मी तिला हाक मारली नाही.

शनिवारी फाईल गेली, शेरा होता तसा. पाहुणे आले. त्यांतल्या एका बाईंनी कापडावर हात फिरवून विचारलं, अशा ठिकाणी हे इतकं स्वच्छ कसं ठेवता? शेठ म्हणाले, आमच्या मॅडम आहेत तशा, वस्तू कशी जपायची ते यांच्याकडून शिकावं. मी मान डोलावली. ती त्या वेळी चहाचे कप उचलायला आत आली होती, कारण शेरा वाचून शेठनी त्याच सकाळी तिला लॅबमधून काढून कप उचलण्या-धुण्याच्या कामाला लावलं होतं.

जूनमध्ये ती लावणीला गेली. नाव कमी झालं. या वेळी परत आली नाही.

दोन महिन्यांत डाग पुन्हा उमटला. त्याच जागी, डावीकडे मधोमध कोरी पट्टी ठेवून. तिच्या जागी लॅबमध्ये आलेली नवी मुलगी कधीतरी लॅपटॉपवर बसते, अजून तिच्या ते लक्षात आलेलं नाही. हल्ली मी घड्याळ उजव्या हातात बांधते. कुणी विचारलं तर सांगते, डाव्या मनगटाला पट्टा लागतो.